प्रोजेक्टरवर माझ्या नोट्स, लॅपटॉपवर स्लाइड! हे उलटं कसं करायचं?

कोरीपाटी:
विंडोज ११, पॉवरपॉइंट. एचडीएमआय केबल लावून एफ५ दाबलं की मोठ्या पडद्यावर माझ्या नोट्स, घड्याळ, पुढची स्लाइड असं सगळं झळकतं आणि पूर्ण स्लाइड दिसते ती मला एकटीला. नोट्समध्ये 'इथे साहेब खोडा घालतील, आकडे तोंडपाठ हवेत' असलं बरंच काही लिहिलंय! शिवाय स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. एका व्हिडिओचा आवाज येतो, चित्र मात्र काळं. उद्या सकाळीच सादरीकरण आहे.

टिवल्याबावल्या:
विंडोज आणि पी दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. विषय संपला.

वायरवाला:
विषय नाही, नोट्स संपतील. डुप्लिकेटमध्ये पॉवरपॉइंटच्या लेखी पडदा एकच, त्यामुळे नोट्सचा पडदा उघडतच नाही. ताई, तुम्ही त्याच यादीतलं 'एक्स्टेंड'च ठेवा, म्हणजे दोन पडद्यांवर वेगवेगळं दिसतं.

सभागृहात मागे बसून लोकांची सादरीकरणं चालवणं हेच माझं काम, आणि ही अदलाबदल नेहमीचीच. शो चालू असताना नोट्सच्या पडद्यावर वरच्या बाजूला 'डिस्प्ले सेटिंग्ज' असतं. त्यात 'स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाइड शो' दाबा, लगेच जागच्या जागी पालटतं. पण हे सगळ्यांसमोर करू नका. आधीच 'स्लाइड शो' टॅबमध्ये 'मॉनिटर'समोर प्रोजेक्टर निवडून ठेवा. केबल जोडल्याशिवाय त्याचं नाव यादीत येत नाही, म्हणून दहा मिनिटं लवकर जा. आज घरी नुसता सराव करायचा तर ऑल्ट आणि एफ५. एकाच पडद्यावर नोट्ससकट सगळं दिसतं.

पट्ट्यांचं म्हणाल तर तो बिघाड नाही. रुंदी-उंचीचं प्रमाण स्लाइडचं १६:९, प्रोजेक्टरचं बहुधा ४:३. पडदा १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा असेल तर १०२४ रुंदीच्या स्लाइडला उंची ५७६ च लागते, उरलेले १९२ वर-खाली काळे. राहू द्यात. प्रोजेक्टरच्या रिमोटवरून चित्र ताणणारे भेटतात, मग गोल आलेखाचं अंडं होतं. आदल्या रात्री स्लाइडचा आकार बदलायच्या फंदात तर पडूच नका, 'मॅक्सिमाइझ' निवडलंत की कडेचा मजकूर बाहेर जाऊ शकतो.

व्हिडिओसाठी: फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'डिस्प्ले'खाली 'डिसेबल स्लाइड शो हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन'वर खूण करा. पॉवरपॉइंट बंद करून उघडा.

कोरीपाटी:
ऑफिसात दुसरा मॉनिटर जोडून बघितलं. स्वॅप झालं, व्हिडिओही दिसला! पण खूण केल्यापासून स्लाइड बदलताना जरा अडखळतंय.

वायरवाला:
अडखळणारच, ग्राफिक्स कार्डाचं काम आता प्रोसेसरच्या गळ्यात पडलंय. ट्रान्झिशन्स काढून टाका. तशीही ती कुणाला हवी असतात?

टिवल्याबावल्या:
मला.