कथांवरची नोंद दर वेळी सारांशच का होते?

देवगड_एसवाय
एस.वाय.बी.ए.ला मराठीत पाच कथा नेमल्या आहेत. प्रत्येक कथेची नोंद वहीत करायची आणि शेवटी पाचही कथांवर मिळून दीड हजार शब्दांचं टिपण द्यायचं. पहिल्या दोन नोंदींवर शेरा आला, 'हा सारांश झाला. तुमचं वाचन कुठे आहे?' सध्या एक पान कथानक, अर्धं पान पात्रं आणि शेवटी 'या कथेतून माणुसकीचा संदेश मिळतो' असं होतं. तीन कथा कोकणातल्या आहेत, त्यांपैकी एकीत मालवणी बरीच आहे. भाषा कळते, पण 'बोलीमुळे जिवंतपणा आला आहे' याच्यापुढे गाडी जात नाही. नेमकं काय बघायचं असतं?

पडवीवरून
शेरा योग्य आहे, आणि दुरुस्ती अवघड नाही. तुम्ही कथेत *काय घडलं* ते लिहिताय. नोंदीत हवं ते *कसं सांगितलं* आणि त्यामुळे वाचणाऱ्याचं काय झालं.

कथा आधी एका बैठकीत, पेन्सिल हातात न घेता वाचा. बारा-पंधरा पानांना पाऊण तास पुरतो. मध्ये एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या, पण 'सुंदर' वाक्यांखाली रेघा ओढू नका. जिथे अडखळलात, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तिथे समासात फुली मारा. सात-आठ फुल्या झाल्या की पुरे. तिसऱ्यांदा फक्त पहिलं आणि शेवटचं पान समोरासमोर ठेवून वाचा. वहीच्या डाव्या पानावर कथेतले शब्द आणि पृष्ठक्रमांक, उजव्या पानावर तुमचं म्हणणं. उजवीकडच्या वाक्यासमोर डावीकडे काहीच नसेल तर ते वाक्य खोडा. 'माणुसकीचा संदेश' पहिल्याच फटक्यात जाईल, कारण ते वाक्य कथा न वाचताही लिहिता येतं.

आता बोलीचं. समजा कथेत अशी तीन वाक्यं आहेत (खळं म्हणजे घरापुढचं अंगण):

*माईने खळ्यात पाहिलं. झील अजून इलो नाय. दिवा तिने आत नेला नाही.*

पहिलं आणि तिसरं वाक्य प्रमाण मराठीत, म्हणजे निवेदकाच्या भाषेत आहे. मधलं मालवणीत आहे, पण त्याला अवतरणचिन्ह नाही आणि 'असं तिला वाटलं' हेही नाही. म्हणजे माई बोललेली नाही, तरी त्या एका वाक्यापुरता निवेदक तिच्या मनात शिरला आणि लगेच बाहेर आला. याची खात्री करायची असेल तर वाक्य बदलून बघा: *मुलगा अजून आला नाही, असं माईला वाटलं.* माहिती तीच राहिली, पण आपण खळ्यातून उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. हा फरक दोन-तीन ओळींत लिहा, ते तुमचं वाचन. (कोकणाबाहेरचा वाचक 'झील' म्हणजे तलाव समजेल, तेव्हा मुलगा हा अर्थ तुमच्या वाक्यातूनच कळू द्या.)

तिसरं वाक्यही सोडू नका. 'दिवा बाहेरच ठेवला' असं लिहिलं असतं तर ती फक्त एक कृती झाली असती. 'आत नेला नाही' म्हटल्यावर कळतं की एरवी या वेळेला ती तो आत नेते. रोजची रीत मोडली आहे, आणि काळजी हा शब्द कुठेही आलेला नाही. कथेतले नकार शोधायची सवय लावून घ्या, तिथे बरंच दडलेलं असतं.

खाडीपलीकडे
वरच्या उत्तराला एक जोड. कोकणातल्या कथा म्हटल्या की नोंदीत हमखास 'समुद्र हे मृत्यूचं प्रतीक आहे' येतं. प्रतीक ठरवण्याआधी ती वस्तू तिथल्या जगण्यात काय आहे ते बघा. कथेत आषाढ चालू आहे आणि होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारली आहे, तर त्यात निराशा शोधू नका, पावसाळ्यात होडी अशीच ठेवतात. पण नारळी पौर्णिमा होऊन गेली, शेजारच्या होड्या पाण्यात गेल्या आणि ही एकच अजून झापांखाली आहे, असं असेल तर थांबा. इथे लेखकाने नेहमीच्या क्रमातून एक वस्तू बाजूला काढून दाखवली आहे. हा फरक किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला पटकन दिसतो, त्याचा फायदा घ्या.

दुसरं, काळाचा हिशेब मांडा. किती पानांत किती काळ जातो? एका संध्याकाळीला सहा पानं आणि मधल्या अकरा वर्षांना अर्धी ओळ, असं असेल तर ती अर्धी ओळ उताऱ्यासह नोंदीत यायला हवी. परिच्छेदांना क्रमांक द्या, शेजारी घटना खरोखर ज्या क्रमाने घडल्या तो क्रमांक लिहा. दोन रांगा जिथे जुळत नाहीत तिथे विचारा, ही गोष्ट आपल्याला उशिरा का कळली? कथानक सांगायचंच असेल तर तीन ओळींत, आणि तेही या प्रश्नासाठी.

माजघर
गाइडमधली 'नवकथेची वैशिष्ट्ये' सगळ्या कथांना चिकटवू नका, ही चूक फार होते. १९४५च्या आसपासपासून गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला दिलेलं वळण, म्हणजेच नवकथा, खरंच मोठं आहे, पण हे चौघेही एकासारखे एक लिहीत नाहीत. आधी कथेतलं दाखवा, नाव नंतर द्या.

चरित्राचंही तसंच. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, हे सिंधुदुर्गातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांच्या एखाद्या कथेत शाळामास्तर आला म्हणून तो मास्तर म्हणजे खांडेकर, असं होत नाही. 'लेखक म्हणतो' लिहिण्याआधी वाक्य कोणाचं ते तपासा, बहुतेक वेळा ते निवेदकाचं किंवा पात्राचं असतं.

दीड हजार शब्दांत पाच कथांना प्रत्येकी तीनशे अशी वाटणी केलीत तर पुन्हा पाच सारांशच होतील. एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ 'निवेदक आपल्यापासून काय लपवतो आणि कधीपर्यंत?' दोन कथांना पाचशे-पाचशे शब्द द्या, तिसरी उलट बाजू दाखवायला तीनशेत घ्या, उरलेल्या दोघींना मिळून दोनशे. नेमलेली कथा गाळू मात्र नका.

देवगड_एसवाय
आभारी आहे. बोलीची वाक्यं वहीत उतरवताना प्रमाण मराठीत लिहायची की तशीच?

पडवीवरून
तशीच. छापील प्रतीत 'इलो' असेल तर 'इलो', 'ईलो' असेल तर 'ईलो'. शुद्धलेखन सुधारू नका आणि आपल्या वाडीत कसं बोलतात त्याप्रमाणेही बदलू नका, कारण देवगड, मालवण, वेंगुर्ला इथल्या उच्चारांत फरक पडतो आणि लेखकाने निवडलेलं रूप हाच तुमचा पुरावा आहे. एका वेळी एक-दोन वाक्यांपेक्षा जास्त उतरवू नका, पृष्ठक्रमांक लगेच टाका. पाच कथा वाचून झाल्यावर तो शोधत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते.