सांदण दरीसाठी फुल फ्रेमच कशाला?

सांदणच्या अरुंद, खोल घळीत फोटो काढायला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, जड कॅमेरा) न्यावा की मायक्रो फोर थर्ड्सवर (छोट्या सेन्सरचा, हलका) भागेल, हा या धाग्याचा मूळ प्रश्न. वर बहुतेकांनी 'फुल फ्रेमच' म्हणून निकाल लावून टाकलाय. मला नाही पटत.

साम्रद गावाहून आत शिरलं की थोड्याच वेळात पाणी लागतं, पावसाळा सरल्यावरही. गेल्या खेपेला सॅक डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून जाताना शेवाळावर पाय सटकला, तेव्हा आतल्या जड लेन्सला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पुढे धोंड्यांवरून दोन्ही हात टेकत उतरायचं असतं, ते वेगळंच.

आत उजेड कमी, हे खरं. पण दगड कुठे पळून जातोय? ट्रायपॉडवर दोन-चार सेकंद द्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००-२०० वरच राहतो. पायाजवळच्या धोंड्यापासून वरच्या कड्यापर्यंत सगळं शार्प हवं असेल, तर फुल फ्रेमवर १६ मिमीची लेन्स आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र एकदम बारीक) लावाल, तिथे मायक्रो फोर थर्ड्सवर ८ मिमी आणि एफ/८ पुरतं.

खरी भानगड आकाशाची. काळा बेसाल्ट आणि वर पांढरीफेक पट्टी. ब्रॅकेटिंग करा (कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढून नंतर जोडा), नाहीतर माझ्यासारखं आकाश सरळ फ्रेमबाहेर ठेवा. दुपारी ऊन एका भिंतीवर येतं आणि समोरची ओली भिंत त्या परतलेल्या उजेडात तांबूस उजळते. तेवढ्यासाठी थांबा. आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, सावलीतला निळेपणा नंतर काढता येतो.

पोलरायझर (ओल्या दगडावरची चमक कापणारा फिल्टर) मात्र विसरू नका.