मदत हवी आहे: ट्रिगर एकदाच चालतो, दुसऱ्यांदा नाही

नमस्कार मंडळी. वाळूजला एका छोट्या वर्कशॉपात प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा (सिग्नलच्या प्रमाणात उघडणारा व्हॉल्व्ह) टेस्ट बेंच जुळवतोय. यूएसबी डॅक (डेटा अ‍ॅक्विझिशन, म्हणजे सिग्नल घेणारं-देणारं) कार्ड आहे, १६ बिटचं, दोन अॅनालॉग आउटपुट. पायथॉनमधून डॅकएमएक्स (कार्डाचा ड्रायव्हर) वापरतो.

प्रॉक्झिमिटी सेन्सरचा पल्स आला की ० ते ५ व्होल्टचा रॅम्प (सरळ चढत जाणारं व्होल्टेज) २ सेकंदांत द्यायचा. सेकंदाला १००० सॅम्पल, म्हणजे २००० सॅम्पलचा बफर. सेन्सर २४ व्होल्टचा, म्हणून मधे ऑप्टोकपलर टाकून ५ व्होल्टचा पल्स पीएफआय ० ला (कार्डाच्या ट्रिगर इनपुटला) दिलाय. व्हॉल्व्हला सिग्नल अॅम्प्लिफायर कार्डातूनच जातो, कारण डॅकचं आउटपुट मोजक्या मिलीअँपिअरचं.

पहिला पल्स आला की रॅम्प झकास येतो. दुसऱ्या पल्सला काहीच नाही. रीट्रिगरेबल (दर पल्सला पुन्हा ट्रिगर) चालू केलं तर हे कार्ड ते घेतच नाही. टास्क थांबवून पुन्हा सुरू करावा तर मधला वेळ जातो, अन् पल्स लवकर आला की हुकतो.

एक धडा शिकलो: रॅम्प संपल्यावर आउटपुट शेवटच्या व्होल्टेजवरच राहतं! व्हॉल्व्ह उघडाच राहिला, अर्धा बेंच तेलानं माखला. आता शेवटचं सॅम्पल शून्य ठेवतो.

डोक्यात असं आहे की काउंटरवर रीट्रिगरेबल २००० पल्सची माळ काढायची अन् तीच आउटपुटला सॅम्पल क्लॉक म्हणून द्यायची. बफर तोच परत परत फिरेल. कार्डात काउंटर दोनच, दोन्ही यातच खर्च होतील का? कुणी केलंय का असं? संभाजीनगर, जालन्याकडचं कुणी असेल तर बेंच दाखवायला घेऊन येतो.