गावाकडच्या जागेचा पत्ता सगळ्यांना सांगावा का?

कोंडावरचा

महिन्यातले दहा-बारा दिवस मी कामासाठी फिरतीवर असतो. नव्या गावात गेलो की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला : बाहेरच्यांना माहीत नाही असं इथं बघण्यासारखं काय आहे? लोक मनापासून सांगतात. दक्षिण गोव्यात कुशावतीच्या काठावर, उसगाळीमळला, कातळात कोरलेला तो गोल चक्रव्यूह मला एका टॅक्सीवाल्यामुळे पाहायला मिळाला. आपण एवढं घेतो, तर आपणही द्यावं असं वाटायचं. म्हणून पाच वर्षांपूर्वी नेटवर "तुमच्या गावाजवळचं एक ठिकाण सांगा" असं कुणी विचारलं तेव्हा मी आमच्या कोंडाबद्दल, म्हणजे कातळातल्या डोहाबद्दल, लिहिलं. फोटो, नकाशावरची खूण, गाडी कुठे लावायची, सगळं दिलं.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. वाडीच्या वर पऱ्या, म्हणजे ओढा, आहे आणि पऱ्यात कातळातला हा कोंड. त्याच पऱ्याला पाइप लावून वाडीला पाणी येतं. पहिल्या वर्षी चार गाड्या आल्या, घरच्यांना बरंच वाटलं. तिसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या आणि रस्ता असा भरला की एसटी फाट्यावरूनच मागे फिरली. लावणी झालेल्या खाचरांचे बांध तुडवून लोक वर गेले, दोन ठिकाणी बांध फुटला. कुणी पाइपावर पाय देऊन चढलं, पाइप निखळला. वर साबण लावून आंघोळी झाल्या आणि खाली काकूच्या हंड्यात फेस आला. त्याच दिवशी एक मुलगा शेवाळावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. आमच्या माणसांनी चादरीची डोली करून भर पावसात त्याला दोन तासांनी रस्त्यावर आणलं. त्यातले दोघे साठीच्या पुढचे होते.

संध्याकाळी काकूने विचारलं, "ह्यांना ही वाट दाखवली तरी कोणी?" मला तिच्याकडे बघवलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. तालुका सांगा, जेवायला काय मिळतं ते सांगा, एसटीच्या वेळा सांगा. पण पऱ्या, कोंड, गुहा, देवराई यांचं नाव आणि नकाशावरची खूण सगळ्यांसमोर टाकू नये. तुम्हाला काय वाटतं?

एसटीची खिडकी

तुमच्या काकूंना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. तरीही तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आमच्या घरात प्रवास म्हणजे मे महिन्यात गाव आणि कधीतरी पंढरपूर. डोंगरात जाणारी मंडळी वेगळी असायची. त्यांचे गट, त्यांच्या वह्या, त्यांच्या ओळखी. एकोणिसाव्या वर्षी मी एकाला हरिश्चंद्रगडाची वाट विचारली तर उत्तर मिळालं, "आधी सोबत कोण आहे ते सांग." पुढे लोक नेटवर सविस्तर लिहायला लागले. खिरेश्वरला कसं पोचायचं, टोलारखिंडीनंतर वाट कुठे चुकते, मुक्काम कुठे करायचा. त्या लिखाणाच्या भरवशावर मी पहिल्यांदा कोकणकड्यावर उभी राहिले. ते कुणी लपवून ठेवलं असतं तर माझ्यासारखीला कधीच कळलं नसतं.

आणि लपवण्याने धोका कमी होत नाही, वाढतो. एका गृहस्थांनी एका घाटवाटेचं फार सुंदर वर्णन लिहिलं होतं, पण गावाचं नाव दिलं नव्हतं, "घाटाखालच्या एका वाडीतून" एवढंच. मी वर्णनावरून अंदाज बांधला आणि चुकीच्या फाट्यावर उतरले. शेवटची एसटी निघून गेली होती, फोनला रेंज नव्हती. अंगणवाडीतल्या ताईंनी घरात घेतलं म्हणून ती रात्र निभावली. पुरुषांना अशी रात्र गंमत म्हणून सांगता येते. मला ती आजही आठवते ती वेगळ्या कारणाने.

तुमच्या वाडीला त्रास झाला तो नकाशावरच्या खुणेमुळे नाही. रस्त्यावर थांबवून "इथून पुढे गाडी नाही, पऱ्यात साबण नाही" असं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून झाला. ते काम ग्रामपंचायतीचं आहे.

कोंडावरचा

ताई, रस्त्यावर उभं कोण राहणार? वाडीत पावसाळ्यात राहतात ती म्हातारी माणसं. तरुण सगळे मुंबईला. गणपतीला येतात, दहा दिवसांनी जातात. गर्दी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे लावणी आणि बेणणी चालू असताना. शेत सोडून माणसाने दिवसभर फाट्यावर उभं राहायचं का?

बाणकोटची खाडी

मी मंडणगड तालुक्यातला. माझी मावशी वेळासला असते, म्हणून लिहितो.

वेळासला पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी लोक उकरून न्यायचे, खायचे, विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, गावाला बरोबर घेतलं आणि 2006पासून कासव महोत्सव व्हायला लागला. किनाऱ्यावर सापडलेली अंडी जाळीच्या आत वाळूत पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. ते बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. मावशीच्या घराचं कौल दोनदा शाकारलं ते याच पैशातून. जगाला कळलं म्हणूनच कासव वाचलं. गावाने गुपित ठेवलं असतं तर अंडी अजूनही बाजारात गेली असती.

कोंडावरचा

वेळासबद्दल मला आदरच आहे. पण क्रम बघा. तिथे आधी काम झालं, गाव तयार झालं, जाळी लागली आणि मग पाहुण्यांना बोलावलं. आमच्याकडे मी एकट्याने, मुंबईत बसून, गावाला न विचारता बोलावलं. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

जांभा

रत्नागिरीहून. लपवण्याचा दुसरा परिणामही सांगायला हवा, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. देवाचे गोठणे इथे शिल्पावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते. गुराख्यांना ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, बाहेर कुणाला नव्हती. आणि त्याच सड्यांवर जांभ्या दगडाचे चिरे कापायच्या खाणी चालतात. जिथे कुणाला चित्र माहीत नव्हतं तिथे यंत्राने चिरा कापून नेला, तर ओरडणार कोण? आमच्याच नात्यातल्या एका जमिनीवर माशासारखं काहीतरी कोरलेलं होतं. मी लहानपणी त्यावर बसून करवंदं खाल्ली आहेत. आज तिथे वीस फूट खोल चौकोनी खड्डा आहे.

स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, नोंदी करून त्या जाहीर केल्या, म्हणून उरलेली राहिली. उक्षीत तर गावानेच पुढाकार घेऊन शिल्पाभोवती संरक्षण केलं. 2022मध्ये कोकणातली आणि गोव्यातली निवडक कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोंडावरचा यांनी पाहिलेलं उसगाळीमळही याच परंपरेतलं. त्या टॅक्सीवाल्याने गप्प बसायला हवं होतं का?

गर्दीने जागा घाण होते, हे मान्य. ती साफ करता येते. कापून नेलेला कातळ परत येत नाही.

सातारी तेरडा

कास पठाराचं उदाहरण कुणीतरी देईल असं वाटत होतं, म्हणून मीच देतो. 2012मध्ये पश्चिम घाटाच्या यादीत कास जागतिक वारसा झालं आणि दुसऱ्याच हंगामात पठारावर गाड्याच गाड्या. सीतेची आसवं ही फुलं बोटाएवढी उंच असतात, लोक त्यावर झोपून फोटो काढत होते. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, आधी नोंदणी आली, आसपासच्या गावांची समिती उभी राहिली, गावातली पोरंपोरी पठारावर नजर ठेवायला लागली. आज पूर्वीपेक्षा नक्कीच बरं आहे. पण मधल्या काळात कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजलं, आणि गुरं चरत होती तेव्हाच फुलं जास्त यायची असं आमच्याकडची जुनी माणसं सांगायला लागली. पुढे ते कुंपण काढलं. सांगायचा मुद्दा असा की गर्दी आल्यावर व्यवस्था लावायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात जे तुडवलं जातं त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. माझं मत कोंडावरचा यांच्या बाजूने.

साम्रद-घाटघर

मी अकोले तालुक्यातला, वाटाड्याचं काम करतो. दोन्ही बाजू वाचल्या. आता जरा आमचं ऐका.

आमच्याकडं भाताचं एक पीक. दिवाळीनंतर माणसं नारायणगावच्या बाजूला मजुरीला जायची, अजूनही जातात. सांदण दरी लोकांना माहीत झाली तशी साम्रदमधल्या बऱ्याच घरांची पोरं घरी राहायला लागली. जेवण, तंबू, वाट दाखवणं यावर हिवाळा निघतो. त्यामुळं "सांगू नका" म्हणणाऱ्या शहरातल्या माणसाला मी विचारतो, तुमची जागा शांत राहावी म्हणून आम्ही नारायणगावला जायचं का?

पण काजव्यांचं दुखणंही माझंच आहे. मे अखेरीपासून पाऊस बसेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं काजव्यांनी लखलखतात. आख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. नर-मादी एकमेकांना शोधतात ती या उजेडावरच. शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागते, दिवे चालू, गाणी चालू. माद्या झुडपात, जमिनीलगत असतात, त्या पायाखाली जातात. अंडी मातीत घालतात, ती माती गाड्यांनी दाबली जाते. अभयारण्यात हे चालतं. माझ्या लहानपणी घराच्या पडवीतून जे झाड दिसायचं, त्यावर आता काजवा बसत नाही.

मग करायचं काय? माझ्या अनुभवावरून सांगतो. एका वर्षी मे महिन्याच्या शेवटी आठ जणांचा गट सांदण दरीत उतरायला आला. मी म्हटलं, बरोबर येतो. म्हणाले, गरज नाही, व्हिडिओत सगळं दाखवलंय. व्हिडिओ जानेवारीतला होता. दुपारी रतनगडाच्या बाजूला ढग भरला. दरीत वरचं आभाळ चिंचोळं दिसतं, त्यांना काही कळलं नाही. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं ते गेले होते आणि पाणी गढूळ व्हायला लागलं. आम्ही तिघं दोर घेऊन गेलो, सगळ्यांना काढलं. कुणाला काही झालं नाही, मोबाइल आणि बूट गेले. त्या व्हिडिओत जागा बरोबर दाखवली होती. महिना कोणता, ढग आला तर काय करायचं, गावात कुणाला विचारायचं, यातलं काहीच नव्हतं.

जागा सांगा, पण गावातून जाणारी वाट सांगा. नकाशावरची खूण माणसाला सरळ दरीच्या तोंडाशी नेते. आधी गावात यायला लावा. माणूस गावात थांबला, चहा प्यायला, चार शब्द बोलला की निम्मा त्रास तिथंच संपतो.

तोक्योतून

इथलं एक उदाहरण देते. फुजी पर्वताच्या पायथ्याला एका गावात दुकानाच्या मागे फुजी दिसतो, असा फोटो जगभर फिरला. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायला लागले. मे 2024मध्ये गावाने तिथे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा लावला. लोकांनी त्यालाही भोकं पाडली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फुजीच्या योशिदा वाटेवर दिवसाला चार हजार माणसांची मर्यादा आणि दोन हजार येन शुल्क आलं. नियम पाळणारा म्हणून ज्या देशाचं नाव घेतात तिथे ही अवस्था. म्हणून मला सगळं ग्रामपंचायतीवर सोडणं पटत नाही. लिहिणाऱ्यावरही काहीतरी जबाबदारी असावी.

एसटीची खिडकी

जबाबदारी असावीच, पण ती गप्प बसण्याची नको. 30 जून 2024 आठवा. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. भुशी धरण कुणापासून लपलेलं होतं? सगळ्यांना माहीत असलेली जागा. माहीत नव्हतं ते एवढंच, की वरच्या डोंगरात पाऊस वाढला की आपण उभे आहोत तिथलं घोट्याएवढं पाणी काही मिनिटांत छातीला लागतं. ते लिहा ना! जागेच्या कौतुकाच्या दहा ओळी असतील तर पाण्याच्या वीस ओळी लिहा.

साम्रदच्या दादांचं मला पटलं. कोंडावरचा, तुम्ही खूण काढा, पण वाडी काढू नका. "आधी अमुक घरी विचारा" एवढं लिहा.

कोंडावरचा

कुणाच्या घरी, हे मी इथे बसून ठरवणार नाही. हीच चूक मी एकदा केली आहे. गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हा देवळात बैठक होते. तिथे विषय काढतो. वाडी नको म्हणाली तर माझं मत आज आहे तेच राहील, ताई, आणि मी कोंडाचं नाव पुन्हा कुठेही लिहिणार नाही. जांभा यांच्या खड्ड्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही, ते डोक्यातून जात नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या उत्तरातली नकाशाची खूण आज काढली. त्या जागी पाइपाची गोष्ट लिहिली आहे, आणि हंड्यातल्या फेसाचीही.

साम्रद-घाटघर

दादा, बैठकीला पोरींनाही बोलवा. पाणी त्याच भरतात.