विषय: जमिनीवरचे पोल उचलण्यासाठी घरगुती आधार

नमस्कार मंडळी,

घोड्याच्या सरावासाठी सहा लाकडी पोल आहेत. गोल, ३ मीटर लांब, ९ सेंटीमीटर जाड. जमिनीवर ठेवून त्यांच्यावरून चाल आणि दुडकी, म्हणजे वॉक आणि ट्रॉट, दोन्ही नीट होतात. आता ते चार बोटं उचलायचे आहेत. तयार प्लास्टिकचे आधार एका पोलला दोन, असे बारा घ्यावे लागतात आणि ते फार महाग पडतात. उलट्या बादल्या, जुने टायर आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे पडून आहेत. त्यातलं काय चालेल? की घरीच काही करता येईल? करवत, ड्रिल आणि कानस एवढी हत्यारं आहेत.

---

> उलट्या बादल्या, जुने टायर आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे पडून आहेत.

ताई, तिन्ही नकोत.

सिमेंटच्या ठोकळ्याला कडा असतात आणि पोकळीही. घोडा अडखळून गुडघ्यावर आला तर खाली काय आहे त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि पोकळीत खूर गेला तर तो सरळ बाहेर येत नाही. बादलीवर टाप पडली की प्लास्टिक फुटून त्याच्या सुऱ्या होतात. कडी राहिली असेल तर पाय अडकायला तेवढी पुरते. टायरच्या भोकात नाल अडकते. टायर कापून वापरावा म्हटलं तर आतल्या पोलादी तारा बाहेर येतात. शिवाय टायरवर खाच नसते, पोल वाऱ्यानेसुद्धा घरंगळतो.

आधार निवडताना आपण "पोल किती पक्का बसेल" हे बघतो. बघायला हवं उलटं: टाप लागल्यावर पोल किती सहज निसटेल. घोडा पुढे जाताना पोलला धक्का देतो तसा कधीकधी पाय मागे ओढतानाही देतो, म्हणून निसटणं दोन्ही दिशांना हवं. पोल सुतळीने बांधू नका, खिळ्याने तर मुळीच नको.

सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे लाकडी ठोकळा. ९ बाय ९ सेंटीमीटरचा, २.४ मीटर लांबीचा एक वासा घ्या. त्यातून २८ सेंटीमीटरचे आठ ठोकळे निघतात, म्हणजे चार पोलची सोय झाली. बारा हवेत तर दीड वासा.

ठोकळा उभा ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा. त्याची २८ सेंटीमीटरची बाजू घोड्याच्या जाण्याच्या दिशेने येईल अशी. पोलला धक्का बसला तरी तो मग कलंडत नाही.

वरच्या बाजूला बरोबर मधोमध ७ सेंटीमीटर अंतराने दोन रेघा मारा. दोन्ही रेघांवरून ४५ अंशांत आतल्या बाजूला करवत चालवा. काप साडेतीन सेंटीमीटर खोलीवर एकमेकांना भेटतात आणि पाचरीसारखा तुकडा सुटून येतो. या खाचेत ९ सेंटीमीटरचा पोल जेमतेम १.६ सेंटीमीटर आत बसतो. तेवढंच हवं. अर्धा पोल आत जाईल अशी गोल खाच दिसायला सुबक वाटते, पण मग पोल सुटत नाही, ठोकळ्यासकट ओढला जातो आणि दोन्ही घोड्याच्या पायांत येतात. आत बसणारा भाग पोलच्या जाडीच्या पाव हिश्शाहून कमी ठेवा. याच मापाच्या खाचेत १० सेंटीमीटरचा पोलही चालतो.

करवतीचं काम झालं की प्रत्येक कड कानशीने मोडा, खाचेच्या ओठांची आधी. तिथेच ढलप्या निघतात. दोन्ही टोकांना, जिथे लाकडाच्या रेषा तोडल्या आहेत, बाहेरच्या लाकडासाठीचं तेल दोन-तीन हात मुरू द्या. पाणी तिथूनच शिरतं आणि ठोकळा तिथूनच फाटतो.

लाकडाबद्दल एक कळकळीचं सांगणं. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नका. त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं आणि घोडा लाकूड चघळतो. झाडाच्या ओंडक्याच्या चकत्या वापरणार असाल तर काळा अक्रोड आणि यू (सुईसारख्या पानांचं एक विषारी झाड) ही दोन झाडं वर्ज्य. काळ्या अक्रोडाचा नुसता भुसा अंथरला तरी घोड्यांना लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची वेदनादायक सूज) होतो आणि यू खाल्लं तर घोडा मरतो.

उंची मोजताना ठोकळ्याची मोजू नका, पोलच्या वरच्या कडेची मोजा. पोल नुसता जमिनीवर असतो तेव्हाही घोडा ९ सेंटीमीटर ओलांडतच असतो. या ठोकळ्यावर ती उंची साधारण १६.४ होते. दुडकीसाठी सुरुवातीला ती पुष्कळ झाली.

---

दादांच्या ठोकळ्यांबद्दल दुमत नाही. पण करवतीने ४५ अंशांचा काप सरळ येणं सगळ्यांना जमत नाही, आणि खाच वाकडी झाली की पोल एका बाजूला अडकून बसतो. म्हणून करवत न लागणारे दोन प्रकार सांगतो.

पहिला रबराचा. तबेल्यात अंथरायची रबरी चटई असते, १९ मिलीमीटर जाडीची. १.२ बाय १.८ मीटरची एक जुनी चटई मिळाली तर तिचे ३० बाय १२ सेंटीमीटरचे साठ तुकडे होतात. बारा आधारांना अठ्ठेचाळीस लागतात, बाकीचे फाटक्या-तुटक्या भागात गेले तरी चालतात. एका आधाराला तीन अख्खे तुकडे एकावर एक. चौथ्याचे साडेअकरा सेंटीमीटरचे दोन भाग करून वरच्या थरात दोन टोकांना लावायचे, मध्ये ७ सेंटीमीटरची फट सोडायची. पोल त्या फटीच्या दोन कडांवर टेकतो, तळाला लागतसुद्धा नाही, आणि दीड-पावणेदोन सेंटीमीटर आत राहतो. म्हणजे दादांच्या खाचेइतकाच.

रबर कापताना घाई केली की पातं वाकतं आणि हात कापतो. चटईखाली, कापायच्या रेघेच्या बरोबर खाली, एक पट्टी सरकवा. चटई वाकते आणि काप आपोआप उघडत जातो. नवं पातं, त्यावर साबणाचं पाणी, आणि एकाच रेघेवर चार-पाच हलके हात.

चिकटवायच्या पृष्ठभागांना आधी सँडपेपर मारा. चटईच्या खालच्या बाजूला उठाव असतात, तिथे नुसता गोंद टिकत नाही. म्हणून तळाकडून प्रत्येक टोकाला दोन-दोन स्क्रू वॉशर घालून मारा. एकूण जाडी ७.६ सेंटीमीटर होते, तेव्हा स्क्रू साडेसहाचे घ्या. सहाचे वरच्या तुकड्यात जेमतेम शिरतात आणि साडेसातचे टोक वर काढतील. मारून झाल्यावर वरून तळहात नाही, फडकं फिरवून बघा. धागा अडकला की टोक वर आलंय. असा आधार साधारण ३ किलोचा होतो, जागचा हलत नाही, आणि घोड्याचा पाय त्यावर आदळला तरी मार लाकडापेक्षा खूपच कमी बसतो.

दुसरा प्रकार वाळूच्या गोण्यांचा. खाद्याच्या विणलेल्या प्लास्टिक गोणीत ८ ते १० किलो वाळू, म्हणजे गोणी निम्म्याहून कमी भरलेली. तोंड आत दुमडून दुसऱ्या गोणीत उलटी घाला, मग बांधा. सुतळीची लोंबती टोकं कापून टाका. गोणी जमिनीवर थापटून पसरा आणि पोल वरून दाबा, तो आपली खाच आपणच करतो. अर्ध्या तासात बारा तयार होतात. दोष दोन. पोल हळूहळू खोल रुतत जातो, म्हणून दर खेपेला गोणी पुन्हा थापटावी लागते. आणि उन्हाने गोणीचे धागे काही महिन्यांत भुगा होतात, तेव्हा वापर झाला की सावलीत ठेवा. कायमचा आधार म्हणून मी गोण्या सुचवणार नाही, पण आपल्या घोड्याला कोणती उंची मानवते हे पाहण्यासाठी याहून स्वस्त काही नाही.

आणि ताई, बारा आधार लागतातच असं नाही. सहा पुरतात. पहिल्या पोलचं डावं टोक उचला, दुसऱ्याचं उजवं, तिसऱ्याचं डावं, असं एकाआड एक. मधोमध निम्मीच उंची येते आणि घोडा आपोआप मधून जायला शिकतो, कारण दोन्ही बाजूंना उंच टोकं दिसत असतात. नवख्या घोड्यासाठी मी आधी हेच करेन.

---

दोघांचेही आभार. ठोकळे करते, आणि आधी गोण्यांवर उंची ठरवते. आणखी दोन शंका. लाकडी पोलऐवजी पीव्हीसीची नळी चालेल का? वाळू भरून जड करता येईल. आणि पोल उचलल्यावर मधलं अंतर तेच ठेवायचं का?

---

> वाळू भरून जड करता येईल.

नको. पातळ पीव्हीसी नळी रिकामी असेल तर इतकी हलकी असते की घोडा तिची पर्वा करत नाही, लाथाडून जातो, आणि घरंगळत आलेल्या नळीवर पुढची टाप पडते. ऊन आणि थंडी दोन्हींनी ती ठिसूळ होते आणि फुटली की लांब धारदार चिरफळ्या निघतात. भरायचं म्हटलं तर १० सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या ३ मीटर नळीत ३७-३८ किलो वाळू मावते. तुमचा वाळलेला लाकडी पोल दहा किलोच्या आसपास असेल. चौपट वजनाचा पोल टाप लागल्यावर हलत नाही, आणि हलायला हवा हेच तर वर सांगितलं. पोल लाकडीच ठेवा. घरंगळण्याची भीती असेल तर अष्टकोनी पोल घ्या.

अंतर. जमिनीवर दुडकीसाठी मोठ्या घोड्याला १.२ ते १.४ मीटर लागतं, एका पोलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. पोनीला १ ते १.२. चालीसाठी ८० ते ९० सेंटीमीटर. पोल उचलला की घोडा पाय वर उचलण्यात जोर घालवतो आणि टाप थोडी आखूड पडते. तेव्हा जमिनीवर १.३ वर नीट जाणारा घोडा उचललेल्या पोलवर १.२५ पासून सुरू करा.

पण टेप फक्त सुरुवातीला. पुढचं वाळू सांगते. पोलमधली वाळू दाताळ्याने सपाट करा, घोडा एकदाच काढा आणि खुणा बघा. टाप दोन पोलच्या मध्यावर उठली पाहिजे. पहिल्या फटीत मध्यावर आणि शेवटच्या फटीत नुकत्याच ओलांडलेल्या पोलच्या जवळ उठली असेल तर अंतर त्याला मोठं आहे, ५ सेंटीमीटर कमी करा. पुढच्या पोलच्या जवळ सरकत गेली असेल तर वाढवा. बहुतेकदा घोडा पोलला टाप लावतो ती आळसाने नाही, अंतर चुकल्याने.

क्रम असा ठेवा: एक पोल जमिनीवर, मग तीन. दोन ठेवू नका. दोन दिसले की पुष्कळ घोडे त्यांना एकच अडथळा समजून उडी मारतात. तीनही शांतपणे झाले की फक्त मधला उचला, मग तिन्ही, मग चौथा जोडा. कॅंटरमध्ये, म्हणजे दुडकीच्या पुढच्या हलक्या दौडीत, अंतर ३ मीटरच्या आसपास जातं, पण तिथे एका उचललेल्या पोलच्या पुढे इतक्यात जाऊ नका.

अंग मोकळं झाल्याशिवाय सुरू करू नका, आणि पोलवरचं काम दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, आठवड्यातून दोनदा. उचललेल्या पोलवर दर पावलाला सांधे जास्त वाकवावे लागतात, दमायला वेळ लागत नाही. आधी स्वच्छ जाणारा घोडा लागोपाठ दोनदा पोल घासून गेला की ठोकळे काढून घ्या, पोल जमिनीवर ठेवून एकदा सरळ काढा आणि थांबा. दिवसाअखेरीस ठोकळे रिंगणाबाहेर, पालथे नाही तर खाच वर करून रचा. वाळतात, आणि एखादा फाटला असेल तर उचलतानाच दिसतो.