नॅनो रीफ टँकमध्ये ॲनिमोन ठेवावा का? माझं मत : नको

भरतीओहोटी :
तीस-चाळीस लिटरचा नॅनो रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल (प्रवाळ) वाढवायचा छोटा टँक. त्यात क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी आणि तिच्या आसऱ्यासाठी एक बबल टिप जातीचा ॲनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी. हे दृश्य आता इतकं सर्रास झालंय की कुणी त्यावर प्रश्नच विचारत नाही. माझा विरोध आहे, म्हणून हा धागा.

आधी जागेचं बघू. ३५ सेंमी बाजूचा घनाकृती टँक म्हणजे काठोकाठ ४३ लिटर. बबल टिप नीट वाढला तर ३० सेंमीपर्यंत पसरतो. शिवाय तो एका जागी थांबेल याचा भरवसा नाही. उजेड किंवा प्रवाह मानवला नाही की पाय सोडवून चालायला लागतो. मोठ्या टँकमध्ये त्याला एखादा मोकळा दगड सापडतो. इथे जिकडे जाईल तिकडे कोरल, आणि त्याच्या बोटांसारख्या टेंटॅकलमधल्या दंशपेशी शेजारचं कोरल भाजून काढतात. कोरल नसेल तिथे पावरहेड (पाणी ढवळणारा पंप) किंवा हीटर, तिथे धोका त्यालाच.

मग पाणी. चाळीस लिटरच्या टँकमधून दगड आणि वाळू वजा केली तर खरं पाणी ३२ लिटरच्या आसपास उरतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तीन लिटर उडालं की ३५ची क्षारता (दर हजार भागांत मिठाचे भाग) ३८.६ होते. तेवढंच पाणी ४०० लिटरमधून उडालं तर ३५.३ सुद्धा होत नाही. मासे हा फरक काही काळ सोसतात. ॲनिमोनचं सगळं शरीर म्हणजे पाण्याने फुगलेली पिशवी, त्याला तो लगेच जाणवतो.

आणि मुळात हे कुणासाठी? टँकमध्ये पैदास झालेले क्लाउनफिश ॲनिमोनशिवाय उत्तम जगतात, अंडी घालतात. समुद्रात त्यांना शिकाऱ्यांपासून आसरा लागतो. टँकमध्ये शिकारीच नाही.

निळापट्टा :
तीव्र असहमत. तुम्ही लिटर मोजताय, ॲनिमोनला हवी असते स्थिरता. ऑटो टॉप-ऑफ लावला की उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी आपोआप येतं आणि तुमचं ३८.६चं गणित उभंच राहत नाही. उलट लहान टँकचे फायदे बघा. पाव भाग पाणी बदलायचं तर एक बादली पुरते. उजेड थोड्या जागेवर एकवटतो. ॲनिमोन रोज डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तोंड सैल पडलंय, रंग उतरतोय, हे त्याच दिवशी कळतं.

आकाराबद्दलही अर्धंच सांगितलंत. बबल टिप समुद्रात दोन तऱ्हांनी राहतो. खोल पाण्यात एकेकटा आणि मोठा, उथळ पाण्यात स्वतःचे भाग करत लहान-लहान झुपक्यांनी. खाणं बेताचं ठेवलं तर टँकमध्येही तो आटोपशीर राहतो. माझ्याकडे राहिलाय. पावरहेडला स्पंजचं आवरण आणि हीटरला जाळी, एवढं केलं की चालण्याची भीतीही बरीच कमी होते.

काठावरची :
एडिनबरोची ‘ग्रॅनी’ इथे आठवते. जॉन डॅलियल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला. तो काचेच्या बरणीत वाढला, डॅलियलच्या पश्चातही जगला आणि १८८७ मध्ये मेला. पंप नाही, दिवे नाहीत. बरणीत जवळजवळ साठ वर्षं निघतात, तर चाळीस लिटर लहान कसे?

भरतीओहोटी :
@काठावरची, ग्रॅनी मलाही फार प्रिय आहे, पण तिचा दाखला माझ्याच बाजूने जातो. ती होती ॲक्टिनिया इक्विना. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला चिकटून राहणारी, थंड पाण्यातली, जेमतेम काही सेंमीची जात. ओहोटीला उघड्यावर पडायची तिला सवय. तिच्या अंगात उजेडावर अन्न तयार करणारं झूझँथेली शैवाल नसतं, त्यामुळे उजेडावर पोट भरण्याचा प्रश्नच नाही. आणि डॅलियल पाणी रोज बदलायचे. बरणी लहान होती, माणूस मात्र रोज हजर होता.

बबल टिपचं बहुतेक अन्न त्याच्या अंगातलं शैवाल तयार करतं. ताण आला की ते शैवाल बाहेर टाकलं जातं आणि ॲनिमोन पांढरा पडतो. पांढरा म्हणजे उपाशी. अशा ॲनिमोनला ‘दुर्मीळ रंग’ म्हणून विकलेलं मी पाहिलंय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

@निळापट्टा, खाणं कमी देऊन लहान ठेवणं मला पटत नाही. विभागणीचंही तसंच. एकाचे दोन, दोनाचे चार झाले की चाळीस लिटरमध्ये कोरलला जागा उरणार कुठे?

शेवाळलेला दगड :
मरणाबद्दल कुणीच बोललं नाही. ॲनिमोन दगडाच्या फटीत मेला तर रात्रीत सडतो, अमोनिया चढतो. मोठ्या टँकमध्ये तो विरळ होतो. नॅनोमध्ये सकाळपर्यंत मासेही गेलेले असतात.

तिसरी लाट :
दोघेही फक्त बबल टिपवरच अडलात. रॉक फ्लॉवर ॲनिमोन बघा. कॅरिबियन समुद्रातला, १२-१५ सेंमीचा, वाळूलगतच्या फटीत पाय रोवला की सहसा हलत नाही, आपणहून विभागतही नाही. मिनी कार्पेट ही जात तर त्याहून लहान. क्लाउनफिश त्यांत शिरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पण ॲनिमोनच हवा असेल तर नॅनोला हेच शोभतात.

भरतीओहोटी :
याला माझा विरोध नाही. शीर्षकात मी सरसकट लिहिलंय, रोख यजमान जातींवर, म्हणजे क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या ॲनिमोनवर आहे असं वाचावं. फक्त रॉक फ्लॉवरलाही मुरलेला (काही महिने चालून स्थिरावलेला) टँक आणि चांगला उजेड लागतो.

निळापट्टा :
रॉक फ्लॉवर सुंदरच आहे. पण संध्याकाळी दिवे मंद होताना क्लाउनची मादी बबल टिपमध्ये अंग घुसळते, ते त्यात दिसणार नाही. ‘माशाला गरज नाही’ हे मान्य. तरी समोर आसरा असला की तो मासा निराळाच वागतो, हेही खरं, आणि ते केवळ माझ्या डोळ्यांचं सुख नाही. खाण्याबद्दलही स्पष्ट करतो. उपाशी ठेवत नाही, उजेड भरपूर देतो, वरून मांस भरवत नाही एवढंच. मी माझा बबल टिप काढणार नाही. विभागला तर वेगळा झालेला भाग दुसऱ्या कुणाला देईन.

भरतीओहोटी :
द्या. फक्त देण्याआधी घेणाऱ्याचा टँक किती लिटरचा आणि किती जुना हे विचारा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर माझ्याकडे पाठवा. माझ्या ४०० लिटरमध्ये एक मोकळा दगड आहे, तोवर सांभाळतो.