शब्दचर्चा : ‘इमारी’, ‘अरिता’ की ‘क्राक’?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या जपानी निळ्या-पांढऱ्या ताटल्यांबद्दल मराठीत लिहिताना हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिवाय ‘चिनी मातीची जपानी ताटली’ हेही कानाला खटकतं. नक्की काय लिहावं?

प्रतिसाद १ : अरिता हे गाव, क्यूशू बेटावरच्या जुन्या हिझेन प्रांतातलं. भट्ट्या तिथल्या. इमारी हे जवळचं बंदर. माल तिथून बाहेर जाई म्हणून बंदराचं नाव मालाला चिकटलं. पण युरोपीय बाजारात ‘इमारी’ म्हणजे निळ्यासोबत लाल आणि सोनेरी रंग असलेली भांडी. नुसत्या निळ्या ताटलीला ‘इमारी’ लिहिलं की वाचकापुढे भलतीच वस्तू उभी राहते. तिथे ‘अरिता’च लिहा.

क्राक ही नक्षीची धाटणी आहे. मधल्या गोलात पक्षी, हरीण किंवा फुलदाणी. काठावर आळीपाळीने रुंद आणि अरुंद कप्पे. ही धाटणी मूळ चीनमधल्या जिंगदेझेन या भट्ट्यांच्या गावची, मिंग घराण्यातल्या वानली बादशहाच्या काळातली. नाव बहुधा पोर्तुगीजांच्या ‘कराक’ जहाजांवरून आलं. १६४४ मध्ये चीनमधली मिंग सत्ता कोसळली, पुढच्या धामधुमीत चिनी माल मिळेनासा झाला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने नागासाकीच्या देजिमा वखारीतून अरिताला मागणी नोंदवली. १६५९ ची मागणी पन्नास हजारांहून जास्त नगांची होती. गिऱ्हाइकाला सवयीची चिनी नक्षीच हवी होती, म्हणून ‘क्राक धाटणीची अरिता ताटली’ हे वर्णन अचूक.

प्रतिसाद २ : ‘चिनी माती’ बिनधास्त लिहा, मराठीत ते पदार्थाचं नाव आहे. अरितात मात्र मुळात माती नव्हे, इझुमियामाच्या खाणीतला दगड कुटून, गाळून त्याचा गोळा करत.

निळ्या कामाला जपानी शब्द ‘सोमेत्सुके’. ‘निळी रंगवलेली’ एवढं पुरत नाही, ‘झिलईखालचा निळा’ म्हणावं (झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर). भांडं साधारण ९०० अंशांवर एकदा भाजतात (सुरुवातीच्या काळात कच्च्यावरच रंगवत). मग कोबाल्टच्या ‘गोसू’ रंगाने बारीक रेषा, आणि रेषांच्या आतला भाग ‘दामी’ने, म्हणजे जाड कुंचल्यात पातळ रंग भरून तो पृष्ठभागावर खेळवत. भाजलेलं भांडं पाणी झटकन शोषतं, त्यामुळे हात मध्येच थांबला तर तिथे गडद कडा उमटते आणि ती पुसता येत नाही. त्यावर झिलई, मग १३०० अंशांच्या आसपास, हवा कोंडून धुरकट आचेवर दुसरं भाजणं. हवा जास्त मिळाली की झिलई पिवळसर होते. गोसू दाट बसला तर निळा काळपट पडतो.

प्रश्न : चिनी की जपानी, हे ताटली पाहून कळतं का? बुडावरच्या ठिपक्यांना काय म्हणायचं?

प्रतिसाद १ : ‘टेकूचे ठसे’. मोठ्या ताटलीचं बूड भट्टीत खाली खचू नये म्हणून अरितात खाली मातीचे छोटे टोकदार टेकू लावत. ते तोडले की ठिपके राहतात. चिनी क्राकच्या बुडावर हे सहसा नसतात. तिथे पायकड्याला, म्हणजे बुडाच्या उंच कड्याला, चिकटलेली रेती दिसते, भांडं पातळ असतं आणि काठाची झिलई जागोजाग उडालेली असते. अरिताचं भांडं जाड, हाताला जड.

प्रतिसाद २ : बुडावर चिनी अक्षरांत चेंगहुआ बादशहाचं नाव दिसलं म्हणून ‘चिनी, पंधरावं शतक’ लिहू नका. अरिताचे कारागीर ते नाव सर्रास लिहीत. नोंदीत ‘चेंगहुआ नाममुद्रा, जपानी अनुकरण’ असं लिहावं आणि काळ ठरवताना नाममुद्रा धरू नये.